जिथे पांढरा दगड नाही

शुक्रवारी दुपारी आभाळ काळवंडलं आणि आमच्या शारजाच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका बाल्कनीत आल्या. इथे पाऊस येणार म्हटलं की बायका वाळत घातलेले कपडे काढायला धावत नाहीत, फोटो काढायला धावतात. समोरच्या मल्याळी चेची, वरच्या मजल्यावरची लखनौची नवी नवरी आणि मी, तिघी मोबाईल वर करून उभ्या. गावी असताना याच पावसाला मी चार महिने शिव्या घालायची. चूल पेटत नाही, कपडे वाळत नाहीत, उंबऱ्याला शेवाळ धरतं. इथे तो थंडीच्या दिवसांत पाहुण्यासारखा येतो आणि आम्ही त्याची सरबराई करत सुटतो. या वर्षी रमजानही थंडीतच आला, म्हणून दोघे एकदमच दारात.

तेवढ्यात सगळ्यांचे मोबाईल एकसाथ कोकलले. सरकारी इशारा होता, अरबीत आणि इंग्लिशमध्ये. डोंगराच्या भागात मुसळधार पाऊस, वाद्यांच्या पात्रांपासून आणि साचलेल्या पाण्यापासून लांब राहा, गरज नसेल तर गाडी बाहेर काढू नका. लखनौची पोरगी दचकून म्हणाली, "आंटी, ये क्या है?" मी म्हटलं, "कुछ नहीं बेटा, खिडकियाँ बंद कर ले." तिला धीर दिला खरा, पण मी स्वतः घड्याळाकडे बघितलं. माझी सना फुजैराहून निघायची होती.

सना माझी मुलगी. फुजैराला एका कंपनीत अकाउंट्स बघते, आठवडाभर तिथे मैत्रिणीबरोबर राहते आणि शुक्रवारी घरी येते. रस्ता सगळा डोंगरातून. सकाळी फोनवर मीच तिला म्हटलं होतं, "अजानच्या आत पोच हं, या रमजानचा आपला पहिला एकत्र इफ्तार आहे." आता फ्रिजमधून कोथिंबिरीचा डबा काढताना माझे ते शब्द मलाच टोचायला लागले. इथे इफ्तारच्या आधीच्या तासात रस्त्यावर काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येकाला घर गाठायचं असतं, पोटात काही नसतं आणि पाय अॅक्सिलरेटरवर असतो. त्यात पाऊस.

पाऊस आला की मला मामू आठवतात. मामू म्हणजे माझ्या आईचे मोठे भाऊ. गाव खेडजवळचं, जगबुडी नदीच्या काठचं. त्यांनी जन्मभर खेड ते आमचं गाव अशी प्रवासी जीप चालवली, त्यामुळे सगळा पंचक्रोशीतला माणूस त्यांना मामूच म्हणतो, आणि सनाही मामूच म्हणते. रस्त्यात एक फरशी लागते. फरशी म्हणजे पाण्यावरचा बुटका पूल, कठडे वगैरे काही नाहीत. पावसाळ्यात पऱ्या, म्हणजे ओढा, फुगला की पाणी तिच्या अंगावरून जातं.

त्या फरशीच्या टोकाला एक दगड रोवलेला आहे. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मामू चुन्याची बादली घेऊन जायचे आणि त्याला स्वतः पांढरा रंगवायचे. ते काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांचा नियम असा, की दगडाचं डोकं दिसतंय तोवर जीप जाणार. डोकं बुडालं की गाडी बंद, चावी खिशात. मग जीपमध्ये नवरी असो, नाहीतर दुबईचं विमान पकडायला निघालेला माणूस असो. मी लहानपणी त्या जीपमध्ये बसून कितीदा तरी पाणी उतरायची वाट बघितली आहे. ओल्या छत्र्यांचा वास, कुणाच्यातरी पिशवीतल्या सुक्या बोंबलांचा वास, बायकांची कुरकुर. मामू बोनेटला टेकून शांतपणे पाण्याकडे बघत उभे. पाणी गढूळ झालं का, त्यात पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या का, वर डोंगरावर ढग उतरला का, हे सगळं ते बघायचे. कुणी फार घाई केली तर म्हणायचे, "जा ना, चालत जा. मी मयताला येईन."

त्यांच्या हातून त्या फरशीवर कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं मामू बेफिकीर होते. ते अजिबात बेफिकीर नव्हते.

सना शाळेत होती तेव्हा मामू आमच्याकडे व्हिजिटवर आले. तो पावसाचा मोसम मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. त्या थंडीत इथे सारखा पाऊस पडत होता. शाळा बंद झाल्या, सना लॅपटॉप उघडून घरातच वर्गात बसायची. मामू खिडकीत उभे राहून खालचं डबकं बघायचे आणि हसायचे. "एवढ्याशा पावसाला शाळा बंद? आमच्याकडे एवढ्यात तर पोरं पोहायला जातात." आम्हीही हसलो. कोकणातल्या माणसाला इथे आल्यावर एक फुशारकी चढते, पावसाबद्दल आम्हाला कुणी शिकवायचं नाही. उन्हाबद्दल शिकवा, एसीबद्दल शिकवा, पण पाऊस आमच्या घरचा.

खरं सांगायचं तर आम्हाला पाऊस हवा होता. इथे पाऊस पडला की लोक घरात बसत नाहीत, गाड्या काढून पावसाकडे जातात. स्थानिक जातात, आपले जातात, पाकिस्तानी जातात. मागच्या सीटवर सतरंजी, थर्मासमध्ये कडक चहा, टिक्का मॅरिनेट करून डब्यात, आणि चालले डोंगराकडे वाद्या बघायला. वादी म्हणजे डोंगरातून उतरणारी कोरडी नदी. एरवी तिच्यात गोटे, काटेरी झाडं आणि बकऱ्या. पाऊस झाला की तिच्यात पाण्याची एक धार येते आणि ती धार बघायला सगळी अमिरात लोटते. वाहतं पाणी बघायला मिळेल म्हणून मी आदल्या दिवसापासून खुशीत होते. बाटलीतलं पाणी, टाकीतलं पाणी, समुद्राचं पाणी, सगळं इथे आहे. वाहणारं गोड पाणी नाही, आणि त्याची आठवण कधी येईल सांगता येत नाही.

माझे मिस्टर हमरिया फ्री झोनमध्ये एका फॅब्रिकेशन कंपनीच्या स्टोअरमध्ये आहेत. त्यांनी सुट्टी घेतली. मी घावणे केले, टोपभर मटण केलं. डोंगरात पोचलो तेव्हा वर लख्ख ऊन होतं. धुतल्यासारखं निळं आभाळ. वादीत पाण्याची बारीक धार, बाजूला सपाट वाळू, दोनचार कुटुंबं आधीच सतरंज्या टाकून बसलेली. यांनी गाडी खाली वादीत उतरवली.

मागून सना म्हणाली, "अब्बा, वी आर नॉट सपोज्ड टू पार्क इन द वादी. मिस सेड सो."

मामूंनी विचारलं, "काय म्हणते ती?"

"काही नाही मामू," हे म्हणाले, "शाळेतलं काहीतरी सांगतेय."

तरीसुद्धा मामू गाडीतून उतरले ते सरळ सतरंजीवर बसले नाहीत. त्यांनी आपली सगळी तपासणी केली. आभाळ बघितलं. धारेत हात घालून पाणी ओंजळीत घेतलं, ते काचेसारखं स्वच्छ. पालापाचोळा नाही, काटकी नाही. वाळू कोरडी. वारा सुद्धा नाही. मग ते वळून म्हणाले, "बिनघोर बसा." जन्मभर ज्या माणसाच्या शब्दावर गावाने पाण्यात पाय टाकला नाही, तो माणूस बसा म्हणाला. आम्ही बसलो.

सना बसली नाही. ताट घेऊन वर काठावर जाऊन बसली, तोंड फुगवून. मी दोनदा हाक मारली. "आय अॅम फाइन हिअर, अम्मी." मी म्हटलं, "बस मग तिथे उन्हात, काळी पड." या वयात पोरी कशावरूनही रुसतात असं मला वाटलं. घावणे मात्र छान झाले होते. मामूंनी पाण्याच्या कडेला बसून खाल्लं, सारखे त्या धारेकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा बघून मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. दोन आठवडे माझ्या फ्लॅटमध्ये कोंडलेला माणूस तिथे मोकळा झाला होता.

जोहरची, दुपारच्या नमाजाची, वेळ झाली. नळाच्या पाण्याने वुजू करून कंटाळलोय, असं म्हणत मामू वाहत्या पाण्याने हातपाय धुऊन वुजू करायला धारेपाशी गेले. चपला काढून बसले. तेवढ्यात वर रस्त्यावर एका पिकअपचा हॉर्न वाजायला लागला आणि थांबेचना. एक म्हातारा स्थानिक माणूस गाडीतून उतरला, दोन्ही हात हलवत ओरडत होता. "यल्ला, यल्ला! बर्रा, बर्रा!" बाहेर निघा, बाहेर निघा. बाजूची कुटुंबं सतरंज्या तशाच टाकून पळाली. मीही पळाले, का ते न कळता. काठावर चढले, सनाजवळ पोचले आणि मग तो आवाज ऐकला. डंपर खडी ओततो ना, तसा आवाज, पण संपतच नव्हता.

वळणावरून पाणी आलं. ते पाण्यासारखं दिसतच नव्हतं. पुढे काटक्या, प्लास्टिक, मेलेली झुडपं, आणि मागे चहासारखा तपकिरी लोट. हे गाडीकडे धावले. चावी हातात होती, गाडी तिथेच होती, दहा पावलांवर. सना त्यांच्या हाताला लोंबकळलीच. "लीव्ह इट अब्बा, लीव्ह द कार!" ती लोंबकळत होती आणि हे तिला झटकत होते. नवऱ्याला मी ओळखते. पोर हाताला नसती तर ते गेले असते. गाडीचे हप्ते चालू होते.

मामू पाय धूत होते. उजवा धुवून झाला होता, डावा राहिला होता. मान वर करून ते उभे राहिले तोवर पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. पोटऱ्यांपर्यंतच, आणि तेवढ्याने त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. नदीकाठी वाढलेला, उभी हयात पाणी बघितलेला माणूस खाली बसला, आणि त्याला उठता येईना. तो म्हातारा स्थानिक काठावर पालथा पडला. पिकअपचा गाडी ओढायचा पट्टा त्याने खाली सोडला. मामूंनी तो धरला, मग यांनी आणि तिथल्या एका पठाणाने मिळून त्यांना वर ओढलं. आमची पांढरी गाडी आधी थोडी हलली, मग कुणी रिव्हर्स घ्यावी तशी सावकाश वळली आणि निघून गेली. टोप, सतरंजी, थर्मास, मामूंच्या चपला, सगळं गेलं.

मामू काठावर बसले होते. गुडघे खरचटलेले, लेंगा चिखलाने भरलेला. त्यांनी वर बघितलं. तेच निळं आभाळ, तेच ऊन. त्यांनी मला विचारलं, "शमीम, पाऊस कुठे आहे गो?"

त्या म्हाताऱ्याला भाषा कळली नसेल, पण प्रश्न कळला. त्याने लांब, अगदी लांब, डोंगरांच्या मागच्या डोंगरांकडे बोट केलं. तिथे एक काळी रेघ होती. मामू त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिथे पाऊस आणि इथे पाणी. हे कसं कळायचं माणसाला?"

मला त्यांची इतकी दया आली की मी रडले. गाडीसाठी नाही रडले. मामूंनी काहीच चुकीचं केलं नव्हतं, त्यांनी जे जे बघायचं ते सगळं बघितलं होतं. आमच्याकडे डोंगर डोक्यावर असतो, पाऊस आपल्याच अंगावर पडत असतो, पऱ्या आधी गढूळ होतो, मग फुगतो. पाणी येण्याआधी सांगून येतं. इथला दगड पाणी पीत नाही, वाळू भिजायला वेळ देत नाही, आणि पाऊस जिथे पडतो त्याच्या कितीतरी लांब पाणी माणसाला गाठतं. ज्याला पाऊस माहीत नाही तो भितो आणि वाचतो. आम्हाला माहीत होता म्हणून आम्ही सतरंजी टाकली.

घरी आल्यावर हे चिडले होते, ते साहजिक होतं. पण मामूंना एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी नव्या चपला घेऊन आले आणि दारात मुकाट ठेवल्या. त्यांचं प्रेम तेवढंच दिसतं.  मामू मात्र खिडकीत उभे राहायचे, पण हसायचे नाहीत.

परत जायच्या आधीच्या शुक्रवारी आमच्या गावाकडच्या लोकांची दावत होती. पुरुष मंडळी वादीचा विषय काढून हसायला लागली, की मामू, एवढ्याशा पाण्यात तुम्ही कसे? आपला माणूस अशा वेळी काहीतरी थाप मारून निभावून नेतो. मामूंनी थाप मारली नाही. म्हणाले, "दगड नव्हता तिथे. पांढरा दगड नव्हता, आणि मी उतरलो. पाणी मला माहीत आहे असं मला वाटलं. मला फक्त माझं पाणी माहीत आहे."  मला वाटतं, त्या दिवशी तिथल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापल्या गावची फरशी आली असणार.

आणि विमानतळावर त्यांनी सनाला जवळ बोलावलं. "तू सांगितलं होतंस," ते म्हणाले. "मला कळलं नाही. पुढच्या वेळी मराठीत सांग. आणि मोठ्याने सांग." सना म्हणाली, "ओके मामू." मग ओशाळून म्हणाली, "हो मामू."

त्याला आता बरीच वर्षं झाली. वाद्यांच्या तोंडाशी आता पोलीस गाड्या अडवतात. पावसात वादीत गाडी घातली तर मोठा दंड आहे. तो ऐकला की हे सवयीने दिरहमचे रुपये करतात आणि पाणी पितात. आता नुसत्या डोंगरातच नाही, शहरातही पाणी भरतं. अंडरपासमध्ये साचतं, आणि वरून बघितलं तर वाटतं, काय, टायर बुडेल फार तर. त्या तपकिरी पाण्याखाली रस्ता आहे की नाही ते कुणालाच दिसत नसतं. मी बाल्कनीतून बघते, एक गाडी गेली की मागची जाते, तिच्या मागची जाते. पुढचा गेला म्हणून मी जातो, एवढाच हिशोब. मामू असते तर बोनेटला टेकून उभे राहिले असते.

मामू आहेत, अल्लाच्या मेहेरबानीने. पण गाडी चालवत नाहीत, कान गेले आहेत, फोनवर ओरडावं लागतं. चुन्याची बादली मात्र अजून घेऊन जातात म्हणे, आता काठी टेकत.

या शुक्रवारी पाऊस धरला आणि सोडेचना. हे हमरियाहून लवकर आले, बूट भिजलेले. आल्या आल्या विचारलं, "सना?" मी म्हटलं, "निघाली दुपारी. फोन करू का?" हे म्हणाले, "नको. गाडी चालवत असेल. तू फोन केलास की ती घाई करणार." बरोबर होतं. मी फोन उलटा ठेवला आणि भजी तळायला घेतली. एक घाणा जळला. दुसरा कच्चा राहिला. टेबलावर खजूर, कापलेलं कलिंगड, सनाला आवडतो तो फालुदा, सगळं मांडलं, आणि तिच्या खुर्चीकडे न बघता मी ओट्याजवळच फिरत राहिले. अजानची वेळ जवळ आली. मनात एकच: ये, लवकर ये. आणि लगेच दुसरं: नको येऊस, जिथे आहेस तिथे थांब. आईला एका वेळी दोन्ही वाटू शकतं हे मला त्या ओट्यापाशी कळलं.

फोन वाजला. सना नव्हती, मामू होते. गावी इफ्तार कधीच झाला होता. कुणीतरी मोबाईलवर त्यांना इथल्या पावसाची बातमी दाखवली होती.

"सना घरी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"रस्त्यात आहे, मामू."

"काय?"

"रस्त्यात आहे," मी ओरडले.  मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात यांचा फोन वाजला आणि ह्यांनी तो माझ्या फोनजवळ आणून स्पीकरवर टाकला. सना होती. मागे पावसाचा आवाज, हॉर्नचे आवाज.

"अम्मी, आय अॅम ओके. लिसन. पुढे रस्ता खाली उतरतो ना, तिथे वादीचं पाणी रस्त्यावरून चाललंय. एक लँड क्रूझर गेली पलीकडे. मागचे सगळे हॉर्न मारतायत, बोलतायत की जा, जा. आय टर्न्ड बॅक. वर पेट्रोल पंप आहे, उंचावर, तिथे थांबलेय. बऱ्याच गाड्या आहेत. एका ट्रकवाल्या चाचांनी खजूर दिलाय, पाणी आहे. मी इफ्तारला नाही पोचणार, अम्मी. सॉरी."

मी खुर्चीवर बसले. तिच्याच खुर्चीवर. सॉरी म्हणते पोर.

दुसऱ्या फोनमधून मामू विचारत होते, "काय म्हणते ती? काय म्हणते?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण सनाने त्यांचा आवाज ओळखला होता. तिकडे पेट्रोल पंपावर, एवढ्या लोकांत, माझी इंग्लिश बोलणारी मुलगी खच्चून ओरडली, "मामू! इथे पांढरा दगड नाही! म्हणून मी थांबलेय!"

बाहेर मशिदीत अजान सुरू झाली. ह्यांनी खजूर उचलला, पण तोंडात घातला नाही, दोन्ही फोनकडे बघत राहिले.  मला वाटलं मामूंना पुन्हा ऐकू गेलं नाही.

मग मामू म्हणाले, "ऐकलं गो पोरी. ऐकलं. रोजा सोड आता."